नागरी हक्कांच्या इतिहासावरील कार्यक्रममाला कशी आखावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतील आपल्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाने मराठी मंडळासमवेत अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीवर तीन सत्रांची कार्यक्रममाला करण्याचा प्रस्ताव दिला आहे. पहिल्या सत्रात डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि गांधीजी यांच्यावर व्याख्यान, दुसऱ्यात माहितीपट आणि तिसऱ्यात परिसंवाद, असा आपल्या कार्यकारिणीचा कच्चा आराखडा आहे. त्यात काय बदलावे, वक्ते कसे निवडावेत आणि सभागृहात वाद उद्भवल्यास काय करावे, हे आपण विचारले आहे. ग्रंथालये आणि लहान संग्रहालये यांच्यासाठी अशा कार्यक्रमांची आखणी करणे हाच माझा व्यवसाय असल्याने थोडे विस्ताराने लिहिते.

आराखड्यातील तीनही सत्रांची रचना मी बदलेन. थोर पुरुषांवरील व्याख्यानाला माझा विरोध नाही, परंतु त्यातून श्रोत्यांच्या मनात आधीच असलेला आदर तेवढा दृढ होतो आणि ते जसे आले तसे घरी जातात. या इतिहासाचा शेवट सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे तो जणू होणारच होता अशी समजूत सभागृहात आधीपासून बसलेली असते. प्रत्यक्षात त्या काळातील माणसांसमोर रोज नवा पेच होता, त्यावर त्यांच्यातच तीव्र मतभेद होते आणि घेतलेला निर्णय अंगाशी येण्याची शक्यता मोठी होती. म्हणून प्रत्येक सत्र एका पेचाभोवती आणि तो पेच ज्यात नोंदला गेला आहे अशा एखाद्या अस्सल कागदाभोवती बांधावे, हे माझे मुख्य सांगणे आहे.

अलाबामातील मॉन्टगोमेरीच्या बस-बहिष्काराचे उदाहरण घ्या. 1 डिसेंबर 1955 रोजी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशाला देण्यास नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि किंग या तरुण धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली शहर उठले, एवढीच गोष्ट बहुतेक कार्यक्रमांत सांगितली जाते. पण तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राजकीय परिषदेच्या अध्यक्ष जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी मे 1954 मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती, आणि पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री महाविद्यालयातील चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके छापली होती. 1955 च्याच मार्चमध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनलाही याच कारणासाठी अटक झाली होती. तिला चळवळीचा चेहरा करावे की नाही यावर नेत्यांनी खल केला आणि न करण्याचे ठरवले. तरीही बसमधील विभाजन ज्या खटल्याने अखेर संपले, त्यातील वादींमध्ये तिचे नाव आहे. 381 दिवस माणसांना कामावर नेण्या-आणण्यासाठी खासगी मोटारींची व्यवस्था कशी लावली, स्थानिक कंपन्यांनी विमा रद्द केल्यावर लंडनच्या लॉइड्सकडून तो कसा मिळवला, हे सांगू लागले की श्रोते पुढे सरकून बसतात. मंडळाचे वार्षिक संमेलन भरवणाऱ्या माणसांना तर ही वाहतूक-समितीची भाषा चटकन कळते.

आता आपल्या तीन सत्रांकडे वळते.

पहिल्या सत्रात किंग आणि गांधीजी यांच्याऐवजी अहिंसक प्रतिकाराचे प्रशिक्षक जेम्स लॉसन आणि नॅशव्हिल हा विषय घ्यावा, कारण त्यात गांधीविचार आहेच, शिवाय महाराष्ट्राशी असलेला खरा दुवाही आहे. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देऊन तुरुंगवास भोगल्यानंतर लॉसन 1953 मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले. तेथे त्यांनी सुमारे तीन वर्षे शिकवले, खेळांचे प्रशिक्षण दिले आणि सत्याग्रहाच्या तंत्राचा अभ्यास केला. मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांना नागपुरातच वर्तमानपत्रातून समजली. 1957 च्या फेब्रुवारीत ओहायोतील ओबर्लिन येथे त्यांची किंग यांच्याशी भेट झाली. किंग यांनी शिक्षण पूर्ण होण्याची वाट न पाहता दक्षिणेत येण्याचा आग्रह धरला आणि लॉसन टेनेसीतील नॅशव्हिलला गेले.

सत्राचा गाभा मात्र नागपूर नसून नॅशव्हिलमधील एका चर्चचे तळघर आहे. तेथे 1959 च्या उत्तरार्धात लॉसन यांनी विद्यार्थ्यांसाठी कार्यशाळा घेतल्या. डायान नॅश, जॉन लुईस, जेम्स बेव्हेल, बर्नार्ड लाफायेट ही पुढे देशभर गाजलेली नावे त्या वर्गातील होत. एकाने शिव्या द्यायच्या, धक्के मारायचे, दुसऱ्याने प्रतिकार न करता डोके कसे वाचवायचे आणि समोरच्याच्या डोळ्यांत कसे पाहत राहायचे, याचा सराव तेथे आठवडेच्या आठवडे चाले. त्या वर्षाच्या अखेरीस दोन मोठ्या दुकानांतील फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर, म्हणजे खाण्याच्या जागी, त्यांनी चाचणी म्हणून बसून पाहिले आणि सेवा नाकारली गेल्यावर शांतपणे परत आले. 1 फेब्रुवारी 1960 रोजी उत्तर कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार विद्यार्थी वूलवर्थच्या लंच काउंटरवर बसले तेव्हा नॅशव्हिलचा गट तयार होता, आणि 13 फेब्रुवारीला शंभराहून अधिक विद्यार्थी शहराच्या मध्यवर्ती दुकानांत जाऊन बसले. 27 फेब्रुवारीला त्यांच्यावर हल्ला झाला. अटक मात्र हल्लेखोरांना झाली नाही, 81 सत्याग्रहींना झाली, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करला. लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकले. 19 एप्रिलला चळवळीचे वकील अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. त्याच दिवशी हजारोंचा मोर्चा नगरभवनावर गेला आणि केवळ वर्णावरून भेदभाव करणे चुकीचे आहे का, या डायान नॅश यांच्या थेट प्रश्नाला महापौर बेन वेस्ट यांनी होकारार्थी उत्तर दिले. 10 मे रोजी शहरातील सहा लंच काउंटर सर्वांसाठी खुले झाले.

या सत्रासाठीचा कागद म्हणजे सत्याग्रहींना दिलेली दहा नियमांची चिठ्ठी. ती लुईस आणि लाफायेट यांनी तयार केली होती. उलटून मारू नका, ताठ बसा, तोंड नेहमी काउंटरकडे ठेवा, असे तिचे स्वरूप आहे, आणि अखेरीस येशू ख्रिस्त, महात्मा गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या शिकवणीचे स्मरण ठेवण्यास सांगितले आहे. नॅशव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयात नागरी हक्कांना वाहिलेले एक स्वतंत्र दालन असून तेथील प्रतीकात्मक लंच काउंटरवर हे नियम कोरले आहेत. त्या काउंटरभोवती शाळकरी मुलांपासून नव्या पोलीस भरतीतील उमेदवारांपर्यंत अनेक गटांसाठी चर्चासत्रे घेतली जातात. एका ग्रंथालयाला एका खोलीत काय करता येते याचा इतका चांगला नमुना मला दुसरा ठाऊक नाही. तेथील पद्धत आपण उचलावी: चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात द्यावी, पाच मिनिटे शांतपणे वाचू द्यावी आणि मग विचारावे की यातला कोणता नियम तुम्हाला पाळता आला नसता.

येथे एक गोष्ट निक्षून सांगते. उत्साहाच्या भरात त्या कार्यशाळेचे नाट्यरूप मुलांकडून करवून घेऊ नये. शिवीगाळ, धक्काबुक्की, एखाद्या मुलाला कृष्णवर्णीय आणि दुसऱ्याला गोऱ्या हल्लेखोराची भूमिका देणे, यातून इतिहास कळत नाही. सभागृहात जी दोन-चार कृष्णवर्णीय मुले असतील त्यांच्यावर मात्र नको तो प्रसंग ओढवतो. लॉसन यांच्या कार्यशाळेत सहभागी झालेले विद्यार्थी प्रत्यक्ष जोखीम पत्करण्यासाठी तयार होत होते, आणि आपल्या सभागृहात तसे काहीच पणाला लागलेले नसते. वॉशिंग्टनमधील राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयात ग्रीन्सबरोच्या काउंटरजवळ अभिनेत्याच्या मदतीने असाच एक कार्यक्रम होत असे. त्याचा भर प्रेक्षकांना प्रश्न विचारून त्यांना स्वतःच्या निर्णयापर्यंत आणण्यावर होता, आणि तेवढे पुरेसे असते.

दुसरे सत्र मतदानाच्या हक्कावर असावे, आणि ते सेल्माच्या पुलाऐवजी अटलांटिक सिटीतून सुरू करावे. अलाबामातील सेल्मा महत्त्वाचे आहेच, परंतु तेथील पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चाला पोलिसांनी मारहाण केली त्या 7 मार्च 1965 ची दृश्ये सर्वांनी पाहिलेली असतात. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट 1964 मध्ये, डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन आपल्याच राज्यात, अटलांटिक सिटीत भरले होते आणि तेथे जे घडले ते न्यू जर्सीतील फार थोड्या रहिवाशांना माहीत असते.

त्याची पार्श्वभूमी अशी. मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदवण्यासाठी अर्जदाराला राज्यघटनेतील एक कलम उतरवून काढावे लागे आणि नोंदणी अधिकाऱ्याचे समाधान होईल अशा रीतीने त्याचा अर्थ लिहावा लागे. घटनेत 285 कलमे होती आणि कोणते कलम द्यायचे हे तोच अधिकारी ठरवी. 1962 पासून अर्जदारांची नावे स्थानिक वर्तमानपत्रात छापली जात, म्हणजे अर्ज कोणी केला हे मालकाला आणि सावकाराला घरबसल्या कळे. परीक्षा अवघड होती म्हणून माणसे मतदार झाली नाहीत, असा समज अनेक कार्यक्रमांतून पसरतो. वास्तविक प्रश्न सोपा की अवघड, याला फारसे महत्त्व नव्हते. सर्व अधिकार तपासणाऱ्याच्या मर्जीत होते आणि अर्जाची शिक्षा परीक्षेबाहेर, शेतावर आणि घरात मिळत होती. याच कारणाने इंटरनेटवर फिरणारी, कोड्यांसारख्या तीस प्रश्नांची दहा मिनिटांची चाचणी श्रोत्यांना सोडवायला देण्याचा मोह टाळावा. ती लुइझियानाची आहे, पण सबंध दक्षिणेची म्हणून दाखवली जाते. सभागृहात तिच्यावर हशा पिकतो आणि मुख्य मुद्दा निसटतो. त्याऐवजी मिसिसिपीचा अर्ज वाटावा आणि शेवटी अधिकाऱ्याच्या निर्णयासाठी ठेवलेल्या जागेकडे लक्ष वेधावे.

फॅनी लू हेमर यांनी 31 ऑगस्ट 1962 रोजी इंडियानोला येथे असा अर्ज केला. ज्या मळ्यावर त्या अठरा वर्षे काम करत होत्या तेथून त्यांना त्याच दिवशी निघावे लागले. पुढच्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. 1964 मध्ये मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी स्थापन केली आणि राज्याचे खरे प्रतिनिधी आम्हीच आहोत, कारण अधिकृत शिष्टमंडळ कृष्णवर्णीयांना वगळून निवडले गेले आहे, असा दावा घेऊन ही मंडळी अटलांटिक सिटीत आली. 22 ऑगस्टला पात्रता समितीसमोर हेमर यांची साक्ष दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली जात असताना अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी अचानक पत्रकारांसमोर येऊन कॅमेरे स्वतःकडे वळवले. त्याचा उपयोग उलटाच झाला, कारण वाहिन्यांनी ती साक्ष संध्याकाळी पुन्हा दाखवली. अखेर पक्षनेतृत्वाकडून तडजोड पुढे आली: दोन प्रतिनिधींना मतासह जागा, तीही नावे वरून ठरवून, आणि बाकीचे पाहुणे, शिवाय 1968 पासून भेदभावाने निवडलेले शिष्टमंडळ स्वीकारले जाणार नाही, असे आश्वासन.

येथे सूत्रसंचालकाने थांबावे. श्रोत्यांचे पाच-सहा जणांचे गट करावेत आणि दोन जागा घ्याव्यात की नाकाराव्यात हे पंधरा मिनिटांत ठरवण्यास सांगावे. दोन्ही बाजूंना वजन आहे. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्याविरुद्ध निवडणूक होती, 2 जुलैला नागरी हक्क कायद्यावर स्वाक्षरी करणारे अध्यक्ष जॉन्सनच होते, आणि बेयार्ड रस्टिन यांच्यासारखा मुरलेला संघटक तडजोडीच्या बाजूने बोलत होता. उलट, ज्यांनी घर, नोकरी आणि शरीर पणाला लावले त्यांच्या वतीने दोन नावे दुसऱ्या कोणी निवडावीत, हे हेमर आणि मिसिसिपीतील मतदार-नोंदणी मोहिमेचे संघटक बॉब मोझेस यांना मान्य नव्हते. गटांनी आपला निर्णय सांगितल्यावरच शिष्टमंडळाने प्रस्ताव फेटाळल्याचे सांगावे. माझा अनुभव असा की पहिल्या पाच मिनिटांत जवळजवळ सर्व गट तडजोड स्वीकारतात आणि दहाव्या मिनिटाला त्यांच्यात फूट पडते. लोकशाही राजकारणाविषयी व्याख्यानातून जे सांगता येत नाही ते येथे आपोआप सांगितले जाते.

6 ऑगस्ट 1965 च्या मतदान हक्क कायद्याचा परिणाम मग दोन आकड्यांत दाखवता येतो: मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी नोंदणी झालेले 1965 पूर्वी सुमारे 6.7 टक्के होते, ते 1967 पर्यंत 59.8 टक्के झाले. पण सत्र तेथे संपवू नये. या कायद्यातील ज्या सूत्राने कोणत्या राज्यांनी निवडणूक नियम बदलण्यापूर्वी केंद्राची संमती घ्यायची हे ठरत असे, ते सूत्र सर्वोच्च न्यायालयाने 25 जून 2013 रोजी शेल्बी काउंटी खटल्यात रद्द केले. बहुमताचे म्हणणे असे की जुन्या आकडेवारीवर आजचे बंधन टिकवता येणार नाही. विरोधी मतात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी पावसात भिजत नाही म्हणून छत्री फेकून देण्याची उपमा दिली. दोन्ही मतांतील एकेक परिच्छेद मोठ्याने वाचावा आणि मतप्रदर्शन श्रोत्यांवर सोडावे. आपले मंडळ करमुक्त धर्मादाय संस्था असेल, तर कोणत्याही उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करण्यास कायद्याने मनाई आहे. मतदानाच्या कायद्याचा इतिहास आणि न्यायनिर्णय यांवर चर्चा करण्यास मात्र ती नाही. हे सूत्रसंचालकाने आरंभीच सांगितले की निम्मे वाद उद्भवत नाहीत.

तिसरे सत्र आपल्या घरांवर ठेवा. हा भेदभाव केवळ दक्षिणेत होता अशी समजूत न्यू जर्सीत आजही आढळते. बर्लिंग्टन काउंटीतील विलिंगबोरो येथे लेव्हिट कंपनीने पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस लेव्हिटाउन नावाची प्रचंड वसाहत उभारली आणि कृष्णवर्णीयांना घरे विकण्यास उघडपणे नकार दिला. विली जेम्स या लष्करी अधिकाऱ्याने राज्याच्या भेदभावविरोधी विभागाकडे तक्रार केली. केंद्राने हमी दिलेल्या गृहकर्जांवर उभी राहिलेली वसाहत ही सार्वजनिक साहाय्य मिळालेलीच आहे, म्हणून राज्याचा कायदा तिला लागू होतो, असा निकाल न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये दिला. केंद्राचा समन्यायी गृहनिवास कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, किंग यांच्या हत्येनंतर एका आठवड्यात, 11 एप्रिल 1968 रोजी झाला. ज्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा व्यवहार उपनगरातील घर हा आहे, त्यांच्यासमोर हा निकाल ठेवला की चर्चेला वेगळी उष्णता येते. तीसच्या दशकात केंद्राच्या गृहकर्ज संस्थेने काढलेले शहरांचे रंगीत नकाशे रिचमंड विद्यापीठाने इंटरनेटवर खुले केले आहेत. नेवार्क आणि आसपासचे भाग त्यात पाहता येतात. कर्जासाठी धोकादायक ठरवलेल्या, बहुधा कृष्णवर्णीयांच्या, वस्त्या त्यात लाल रंगाने दाखवल्या आहेत. या लाल रंगाने सर्व काही घडले असे मात्र सांगू नये. केंद्रीय गृहनिर्माण प्रशासनाच्या कर्जहमीच्या नियमांनी केलेली हानी याहून व्यापक होती, असे या विषयाचे अनेक अभ्यासक मानतात.

याच सत्रात आपल्या येण्याचाही हिशेब मांडावा. 1946 च्या कायद्याने भारताला वर्षाकाठी शंभर स्थलांतरितांचा कोटा दिला होता. राष्ट्रीयत्वावर आधारलेली ती कोटापद्धत 3 ऑक्टोबर 1965 रोजी लिबर्टी बेटावर स्वाक्षरी झालेल्या कायद्याने मोडली, आणि मतदान हक्क कायदा संमत करणाऱ्याच काँग्रेसने तो संमत केला. मंडळाची पायाभरणी करणारे डॉक्टर आणि अभियंते त्या दारातून आत आले. त्या पिढीतील दोघा-तिघांना व्यासपीठावर बसवून त्यांना पहिले घर कोणी आणि कोठे दाखवले, हे अवश्य विचारावे. 1987 मध्ये जर्सी सिटीत भारतीयांवर झालेल्या हल्ल्यांच्या आठवणीही तेथे निघतील. त्यांना वेळ ठेवावा.

मराठी श्रोत्यांसमोर हा विषय निघाला की जातीचा प्रश्न येतोच, आणि तो प्रश्नोत्तरांच्या शेवटच्या दोन मिनिटांत येऊ देणे हे आयोजकाचे अपयश होय. महात्मा फुले यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1946 मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाची प्रत मागवली, आणि ड्युबॉइस यांनी 31 जुलैला त्यास उत्तर दिले. ही पत्रे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात सर्वांना पाहता येतात. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून. अमेरिकेतच 2023 मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदावर बंदी घातली आणि कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी तशाच विधेयकावर नकाराधिकार वापरला. कार्यकारिणीतील काहींना हे अवघड वाटेल. तरीही पहिल्या सत्राच्या उत्तरार्धात यासाठी अर्धा तास जाहीरपणे राखून ठेवावा आणि तो अभ्यासू, शक्यतो दलित, वक्त्याकडे सोपवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गांधीजींचे नाव घ्यायचे आणि आंबेडकरांचे टाळायचे, हे आपल्या अमेरिकी शेजाऱ्यांच्याही लक्षात येते.

वक्त्यांविषयी थोडेच. गावातील कृष्णवर्णीयांचे चर्च आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या नॅशनल असोसिएशनची (NAACP) स्थानिक शाखा यांना पत्रिका छापून झाल्यावर पाहुणे म्हणून बोलावू नका. आखणीच्या पहिल्या बैठकीलाच बोलवा आणि त्यांनी आराखडा बदलला तर बदलू द्या. वक्त्याला मानधन द्या. या विषयावर कृष्णवर्णीय वक्त्यांनी विनामूल्य बोलावे अशी अपेक्षा सर्रास केली जाते, ती आपण करू नये. प्रत्यक्ष साक्षीदार मिळाला नाही, तर काँग्रेसच्या ग्रंथालयाने 2009 च्या कायद्यानुसार ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या मुलाखतींमधून सात-आठ मिनिटांचा भाग दाखवता येतो. किंग यांच्या 28 ऑगस्ट 1963 च्या ‘आय हॅव अ ड्रीम’ भाषणाची चित्रफीत मात्र परवानगीवाचून दाखवू नका, कारण त्याचे हक्क त्यांच्या वारसांकडे आहेत आणि ते हक्क न्यायालयात लढवले गेले आहेत. माहितीपटासाठीही सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना लागतो. ग्रंथालयाकडे तो असतो की नाही हे आधी विचारावे.

प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत आणि सूत्रसंचालकाने ते वाचावेत. यामुळे प्रश्नाच्या नावाखाली होणारी भाषणे थांबतात, आणि मराठी सभागृहात ही गरज जरा जास्तच असते. राज्य मानव्यविद्या परिषदेकडे अनुदानासाठी अर्ज करावा, परंतु एप्रिल 2025 मध्ये केंद्राने अशा परिषदांचे अनुदान अचानक रद्द केल्यापासून त्यांच्याकडील निधी बेभरवशाचा झाला आहे, म्हणून खर्चाचे अंदाजपत्रक त्याविना जमेल असे करावे. तारखांबाबत माझी शिफारस फेब्रुवारी टाळण्याची आहे. तो कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना म्हणून पाळला जात असल्याने त्या महिन्यात चांगले वक्ते महिनोन्महिने आधी ठरलेले असतात आणि ग्रंथालयाच्या दिनदर्शिकेत जागा नसते. ऑगस्टच्या अखेरच्या आठवड्यापासून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने सत्रे घेतली तर अटलांटिक सिटीची तारीख जवळ येते, दुसऱ्या सत्रापर्यंत शाळा सुरू झालेल्या असतात आणि गणेशोत्सवाची तारीख पाहून मधले एक सत्र पुढे-मागे करता येते.